दीड शेराची न्याहारी

खर्रर्र.

वाटी ताटावरून पुढे सरकली आणि घरातली शांतता मोडली. माजघरात नवलचा चहाचा घोट घशाशीच थांबला. चुलीपुढे बसलेल्या प्रमिलेने फुंकणी खाली ठेवली. दोघांपैकी कुणीही वेणूकडे बघत नव्हतं. पोरीकडे न बघणं हे महिनाभर त्या घरातलं सर्वांत कष्टाचं काम होऊन बसलं होतं. बघितलं की ती खात नसे. न बघितलं तरी खात नसे, पण मग निदान आपण काहीतरी उपाय करतो आहोत असं तरी वाटे.

"झालं," वेणू म्हणाली.

वाटीतल्या कण्या जशाच्या तशा होत्या. वरचा तुपाचा ठिपका तेवढा बोटाने निपटून घेतलेला होता. साडेचार वर्षांच्या त्या पोरीला पावसाळ्यानंतर हिवतापाने असं काही धरलं होतं की ताप गेला तरी भूक काही परत आली नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आता औषध नको. सकाळची न्याहारी द्या. पोटभर, दुपारपर्यंत टिकेल अशी." डॉक्टरांचं बरं असतं. न्याहारी सांगायची त्यांनी आणि गिळायची दुसऱ्याने.

तरीही हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण शिमग्याला कळसाडीहून सासूबाई आल्या.

दगूबाई म्हणजे कळसाडीच्या बारा बिघे कपाशीच्या एकट्या मालक. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, पण शेत सोडून शहाद्याला लेकाकडे राहायचं नाव काढलं की त्यांना शेतातली विहीर आठवे. दोधू नावाचा सालदार आणि दोन म्हशी एवढ्यावर त्यांचं राज्य चाले. बैलगाडीतून उतरल्या त्या थेट नातीपाशी गेल्या आणि तिचा पाय हातात धरून लेकाला म्हणाल्या, "दख नवल, पोरना पाय दख. काड्या शेतस काड्या!"

नवलने पाय बघितला. आईने दाखवल्यावर बघावाच लागतो.

"मन्हाकडे दे तिले. कळसाडीले दूध शे, तूप शे. दिवाळीलगून अशी करी देसू का तुमीच वळखनार नही."

दिवाळीपर्यंत! सासूबाईंना उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती आणि प्रमिलेची हिंमतही नव्हती. ती नंदुरबारच्या एका मास्तरांची मुलगी, बोलण्यात शाळेतली मराठी, आणि भांडायचा शब्द शाळेत कुणी शिकवलेला नव्हता. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "आखाजीपर्यंत थांबा ना, सासूबाई. तोवर मी तिला दीड शेर वाढवून दाखवते."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती; दीड शेर कुठून आले ते तिचं तिलाही कळलं नाही. नवल गावच्या सरकी काढायच्या जिनात काट्यावर कारकून होता. कापसाच्या गोण्या मोजून मोजून त्याच्या घरातली मीठ-मिरचीसुद्धा वजनाच्या भाषेत बोलायला लागली होती.

"व्हयनं," दगूबाई म्हणाल्या. "दीड शेर वाढनी ते पोर तुन्ही. नही वाढनी ते गाडीमा बठाडीसन कळसाडीले."

त्याच दुपारी सगळे जिनात गेले. एवढा थोरला काटा बघून वेणूने भोकाड पसरलं. नवल तिच्यासमोर टोपी फिरवून माकडचेष्टा करत राहिला, आणि म्हातारे तोलारी रेवजी यांनी माप घेऊन पुकारा केला, "चौदा शेर!" कापसाच्या दोन गाड्या मागे खोळंबल्या होत्या. गाडीवानांनी चौकशी केली, भाव काय लागला म्हणून.

प्रमिलेने त्याच रात्री मुंबईच्या भावाला पत्र टाकलं. भाऊ पलटणीच्या कोठीत नोकरीला होता. लढाईचे दिवस, त्यामुळे जगात कुठे न मिळणारी वस्तू त्याच्या कोठीत मिळे. उलट टपाली उत्तर आलं: "ओटमीलचे दोन डबे पाठवतो. गोरे सोल्जर सकाळी हेच खातात. एक वाटी खाल्ली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही." वेणूला सकाळीही भुकेचं नाव नव्हतं, तेव्हा हा गुण तिला नेमका काय उपयोगाचा हा विचार कुणी केला नाही. वाक्य असं छान होतं की ते नवलने शेजारी वाचूनही दाखवलं.

पार्सल रेल्वेने नंदुरबार स्टेशनापर्यंत आलं आणि तिथेच बसकण मारून बसलं. वर 'धान्य' लिहिलं होतं. लढाईत धान्य इकडून तिकडे न्यायला परवाना लागे. नवल परवान्याच्या कचेरीत गेला. तिथे इंद्रसिंग नावाचे कारकून होते, गलमिशा राखलेले, अतिशय सभ्य. त्यांनी यादी काढली. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी. खालपासून वरपर्यंत पुन्हा वाचली.

"हे माणसांच्या यादीत नाही," ते म्हणाले.

"मग?"

दुसरी यादी निघाली. "हे बघा. जई, म्हणजे तुमचं ओटमीलच. जनावरांच्या यादीत आहे. घोड्याच्या खुराकाचा परवाना देता येईल. फॉर्म भरा."

"पण माझ्याकडे घोडा नाही."

"त्याला माझा इलाज नाही. फॉर्म घोड्याचाच छापलेला आहे."

नवलने नऊ वर्षांत काट्यावर एक छटाक खोटी लिहिली नव्हती. जिनात त्याच्या अक्षराची शपथ घेत. तो तासभर त्या फॉर्मपुढे बसून राहिला. शेवटी त्याने असं ठरवलं की 'घोडा' हा शब्द छापीलच आहे, तो सरकारचा. आपण फक्त रकाने भरायचे, आणि खरे भरायचे. नाव: वेणू. वय: साडेचार. रंग: गव्हाळ. दात: सर्व शाबूत. अलीकडे आजारी होते काय: होय, ताप. जनावराचे काम: या रकान्यापाशी तो बराच थबकला आणि मग त्याने लिहिलं, 'किरकोळ.'

खोटं एकही अक्षर नव्हतं. परवान्यावर शिक्का बसला. दहा दिवसांनी डबे सर्विस मोटारीच्या टपावरून शहाद्यात उतरले.

डबा उघडला तेव्हा शेजारच्या बेबीबाई हजर होत्या. त्या कुठेही डबा उघडताना हजर असत. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "अवं माय! हाई ते घोडासनं खानं शे. मन्हा मामा तबेलामा व्हता, मले का माहीत नही?"

"गोरे सोल्जर खातात," नवल म्हणाला.

"म्हनीसन त्या इतला पळतस," बेबीबाई म्हणाल्या.

डब्यावर इंग्रजीत कृती होती. नवल चुलीजवळ उभा राहून ती दवंडी दिल्यासारखी एकेक शब्द मराठीत करून सांगू लागला, "एक भाग धान्य. दोन भाग पाणी. चिमूटभर मीठ. ढवळत राहावे." प्रमिला ढवळत राहिली. पाव तासाने पातेल्यात जे झालं त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, खळ. वेणूने बोट बुडवलं, ते वर काढलं, खळ बोटाबरोबर वर आली. ती खुशीत आली. तिने भिंतीवर एक कागद चिकटवून बघितला, तो चिकटला. खाल्लं मात्र नाही. उरलेलं बेबीबाई घेऊन गेल्या आणि त्यांनी ते नवऱ्याच्या टोपीला लावलं. ती टोपी तीन दिवस नवऱ्यापेक्षा ताठ होती.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. शहाद्यात ज्याच्या त्याच्या घरी ओटमील पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलं असावं, असा लोकांचा आत्मविश्वास होता. कुणी म्हणालं ताकात शिजवा, कुणी म्हणालं रात्री भिजत घाला, कुणी म्हणालं दळून भाकरीत मिसळा. प्रमिलेने ताकात शिजवलं, ते फाटलं. भिजत घातलं, उन्हाळ्याच्या दिवसांत ते आंबलं आणि सकाळी झाकण आपोआप उचललेलं सापडलं. भाकरीत मिसळलं तर भाकरी तव्यावरून निघेना. प्रत्येक प्रयोग चाखायला सल्ला देणारी माणसं स्वतः येत, वाटीभर चाखत, आणि "थोडं मीठ कमी आहे" असं सांगून जात. पहिला डबा असाच चाखण्यात संपला. वेणूने त्यातले मोजून सहा घास खाल्ले असतील. प्रमिला तिच्या दंडाभोवती बोटांचं कडं करून रोज बघे. कडं सैलच राही.

एका बाजाराच्या दिवशी फुलीबाई आल्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून त्या मोळी घेऊन येत आणि पानाच्या पुड्यात चारोळ्या आणत. प्रमिलेचं तोंड बघून त्यांनी काय झालं विचारलं. प्रमिलेने डबा पुढे केला. फुलीबाईंनी दोन दाणे तोंडात टाकले, बराच वेळ चावले, आणि त्यांच्या-तिच्यात चालणाऱ्या तुटक मराठीत म्हणाल्या, "भाजलं नाही?"

"नाही. डब्यावर तसं लिहिलं नाही."

"डबा शिजवतो का तू शिजवते?" फुलीबाई हसल्या. "आधी भाज. घरात वास फिरू दे. मग पाणी."

एवढी साधी गोष्ट सबंध शहाद्यात कुणाला सुचली नव्हती. प्रमिलेने लोखंडी कढईत चमचाभर तुपावर मंद भाजलं. खमंग, शेंगा भाजल्यासारखा वास सुटला. मग दूध, गूळ, पिकलं केळं कुस्करून, आणि वर फुलीबाईंच्या चारोळ्या. वेणू आपणहून पाटावर येऊन बसली आणि अर्धी वाटी संपवली. प्रमिलेने देवापुढे साखर ठेवली. साखरेची घाई झाली, कारण चौथ्या दिवशी वेणू म्हणाली, "गोड नको." आणि पुन्हा वाटी: खर्रर्र.

आखाजीला पंधरा दिवस राहिले होते, आणि त्या संध्याकाळी दारात बैलगाडी थांबली. दगूबाई पोरीवर लक्ष ठेवायला आल्या होत्या.

सकाळी कढईकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "हाई का ते घोडानं खानं?" म्हणजे बातमी कळसाडीपर्यंत पोचली होती. प्रमिलेने मान खाली घालून कांदा, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाण्याची फोडणी दिली, भाजलेलं ओटमील त्यात सोडलं, गरम पाणी घातलं आणि कोथिंबीर भुरभुरली. हा तिचा शेवटचा डाव होता. दगूबाईंनी, केवळ नावं ठेवता यावीत म्हणून, एक घास घेतला.

मग दुसरा घेतला.

"तेल कोठे शे?" त्यांनी विचारलं. ताटात ढीग घेऊन त्यांनी मधे आळं केलं, त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतलं, लाल लसणीची चटणी टाकली आणि कालवून खायला बसल्या. वेणू शेजारी उभी राहून बघत होती.

"मला," ती म्हणाली.

"तुले नही. तू खीर खानारी."

"मला पाहिजे!"

"तिखट शे."

"मला तिखटच पाहिजे!"

प्रमिलेला वाटलं, ही सासूबाईंची युक्ती. काय डोकं आहे! मग तिने त्यांचा चेहरा बघितला. ती युक्ती नव्हती, भूक होती. तेव्हा तिच्या एकेक ध्यानात यायला लागलं. सासूबाई काल रात्री भाकरी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भाकरी दुधात बुडवून बराच वेळ ठेवली होती. मागच्या वेळेपेक्षा त्यांची चोळी दंडावर सैल आहे. दाढांची जागा रिकामी झाली होती, आणि कळसाडीच्या दूध-तुपाच्या राज्यात ही गोष्ट सांगायला समोर एक सालदार आणि दोन म्हशी.

दुसऱ्या दिवसापासून प्रमिलेने ओटमील जरा जास्त मऊ शिजवलं, आणि जरा जास्त शिजवलं.

"पोर एकली खात नही म्हनीसन मी बठस," दगूबाई रोज सांगत, कुणी विचारलेलं नसताना. आजी आणि नात एका ताटात, मधे तेलाचं आळं, कुणाच्या बाजूचं आधी संपतं याची शर्यत. आजी हमखास हरे, पण फार थोडक्यात.

आखाजीला पाच दिवस असताना इंद्रसिंग दारात उभे राहिले. कचेरीत वरून हुकूम आला होता, परवान्यावरची जनावरं प्रत्यक्ष बघून शेरा मारावा. नवल नेमका घरात होता. त्याचा चेहरा टोपीसारखा पांढरा पडला.

"घोडी कुठे बांधलीत?" इंद्रसिंगांनी सभ्यपणे विचारलं.

न्हाणीतून वेणूचा आरडाओरडा आणि पाण्याचे सपकारे ऐकू येत होते. प्रमिलेने मनात हिशेब मांडला. आता परवाना जातो, डबा जातो, पोरही जाते.

"घोडी नहाई ऱ्हायनी," आतून दगूबाई म्हणाल्या, आणि ताट घेऊनच बाहेर आल्या. "बठ भाऊ. सकायपासून फिरी ऱ्हायना व्हशी. न्याहारी कर."

म्हाताऱ्या माणसाने दिलेलं ताट नाकारता येत नाही, हा नियम कचेरीच्या कुठल्याही नियमाहून जुना आहे. इंद्रसिंग बसले. एक ताट खाल्लं, मिशा पुसल्या, अजून थोडं घेतलं. तेवढ्यात न्हाणीतून वेणू ओली, उघडी, टापा वाजवल्यासारखी पाय आपटत अंगणभर धावत सुटली. इंद्रसिंगांनी तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं. गव्हाळ. साडेचार. काम किरकोळ. बराच वेळ त्यांच्या मिशा हलत राहिल्या. मग त्यांनी टाक काढून शेरा लिहिला: 'जनावर समक्ष पाहिले. चपळ. खुराक उत्तम.'

ते गेल्यावर दगूबाई म्हणाल्या, "आते त्यानाबी नावना परवाना काढना पडई."

त्या घरात सासू-सुना एकत्र हसल्याची ही पहिली वेळ. नवल हसला नाही. त्याने शेरा तीनदा वाचला, आणि आपली मुलगी सरकारदरबारी घोडी म्हणून नोंदली गेली याचं वाईट वाटावं की 'उत्तम' शेरा मिळाला याचं बरं, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

आखाजीच्या आदल्या दिवशी सगळे जिनात गेले. मोसम संपला होता. आवारात वाऱ्यावर थोडा कापूस उडत होता, काट्यावर धूळ होती. रेवजी तोलारी गावी गेलेले, म्हणून किल्ली नवलकडे. त्याने पाट पुसला, वेणूला बसवलं, वजनं चढवली. वेणू आता रडली नाही. ताठ बसली, परवानाधारक जनावराच्या ऐटीत. प्रमिलेने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. दगूबाई लांब उभ्या होत्या. गाडीत पोरीसाठी गादी घालून ठेवायला त्यांनी दोधूला सकाळीच सांगितलेलं होतं.

काटा थरथरून स्थिर झाला. नवलने बघितलं, ओठ हलवले आणि नेहमीच्या सुरात पुकारा केला:

"निव्वळ साडेचौदा शेर!"

अर्धा शेर. दीड महिन्यात अर्धा शेर. प्रमिलेच्या मुठीतला पदर सुटला. तिने वेणूला उचलायला हात पुढे केले, पण ते पोचेनात. मनात ती पोरीचे कपडे काढायला लागली होती. कोणते फ्रॉक द्यायचे, कुठला गरम, रात्री पाणी मागते हे कुणाला सांगायचं.

"थांब रे नवल."

दगूबाई काट्यापाशी आल्या होत्या.

"निव्वळ कसाले म्हनस? निव्वळ म्हंजे काहीतरी कापं तू."

नवलने काट्याकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे. मग त्याचा चेहरा हळूहळू कानापर्यंत लाल झाला.

जिनात रीत अशी की कापसाची गोणी काट्यावर चढली की गोणीचं आणि ओलाव्याचं म्हणून एक शेर वजनातून कमी धरायचं. त्याला कडता म्हणतात. रेवजी पुरं वजन पुकारत, आणि नऊ वर्षं नवलने लिहिताना त्यातून गोणीमागे शेर कापला होता. डोक्याने विचार करायच्या आत जीभ कापून मोकळी होई.

"कडता काढा ना तू?" दगूबाईंचा आवाज जिनाच्या पत्र्यांवर आदळला. "मन्ही नात का वल्ला कापूस शे? का तिले गोणीमा भरीसन आनेल शे? चाळीस वरीस मी या कडताना नावनी भांडी ऱ्हायनू, आनि मन्हा पोटना पोऱ्या मन्हीच नातना कडता काढस! पुरं वजन सांग."

"साडेपंधरा," नवल पुटपुटला.

"मोठ्याघाई सांग!"

"साडेपंधरा शेर!"

आवाराबाहेर दोन बैलांनी माना वर केल्या.

दीड शेर. बरोबर दीड. आपण काय करून बसलो ते दगूबाईंच्या बहुतेक तेव्हाच ध्यानात आलं. मग वेणूला पाटावरून स्वतः उचलून त्यांनी प्रमिलेच्या कडेवर दिलं.

"व्हयनं मंग," त्या म्हणाल्या. "पोर आठेच ऱ्हाई. कडता म्हंजे कडता, तो कोनाबी ऱ्हावो."

आखाजीची पुरणपोळी खाऊन, म्हणजे पोळी दुधात बुडवून, त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. प्रमिला म्हणाली, "राहा ना अजून चार दिवस." त्यांना विहीर आठवली. उरलेला डबा तिने पुढे केला तर म्हणाल्या, "मी का घोडी शे?" तेव्हा प्रमिलेने तो त्यांच्या नकळत गादीच्या घडीत खोचला. आधी भाजा, असं दोधूला दोनदा बजावलं. दगूबाईंना मावशी म्हणणारा दोधू म्हणाला, "कोनले, मावशी खाई का बैल?" त्याला तिसऱ्यांदा बजावलं.

गाडी वळणावर पोचली. गादीतला डबा खडखडला तशी दगूबाईंची मान तिकडे वळली, पण त्यांनी तो काढून फेकला नाही. वेणू उंबऱ्यात उभी राहून हात हलवत होती. गाडी दिसेनाशी झाली तरी ती हलवतच राहिली. मग तिने प्रमिलेचा पदर ओढला.

"आई, माझं वजन बाबा करतात ना?"

"हो गं, राणी."

"मग आजीचं कोण करतं?"